करंगळीवरची चांदणी

१

फोन आला तेव्हा बाफुर ग्लॅडिसबाईंच्या करंगळीवर चांदणी बसवत होता.

मंगळवारची सकाळ होती. शनिवारच्या मयतींची पोस्टरं बुधवारपर्यंत भिंतींवर लागायला हवीत, म्हणून मंगळवारी त्याच्या दुकानात नेहमीच घाई असे. बाहेर कुमासीच्या रस्त्याने लाकडाचे ट्रक जात होते आणि दर ट्रकला दाराचा पत्रा थरथरत होता. मागच्या खोलीत छपाईचं यंत्र एका लयीत पुढेमागे सरकत होतं. संगणकाच्या पडद्यावर शाळेतल्या, नुकत्याच वारलेल्या ग्लॅडिसबाई होत्या, म्हणजे त्यांचा फक्त चेहरा होता. त्यांच्या मुलाकडे आईचा दुसरा फोटोच नव्हता. विम्याच्या कार्डावरचा टिकलीएवढा चेहरा बाफुरने मोठा केला होता, गालांवर तेज आणलं होतं, कपाळावरचा शिक्का पुसला होता. मानेखालचं सगळं दुकानातलं होतं. केंटेचं भारी वस्त्र, मखमली खुर्ची, कोपरापर्यंत सोन्याच्या बांगड्या आणि मांडीवर एकावर एक ठेवलेले दोन शांत हात.

गळ्याच्या जोडावर एक चांदणी आधीच बसली होती. दुसरी बांगडीवर. तिसरी करंगळीवर. आठ पाकळ्यांची, चार लांब, चार आखूड, मधोमध पांढरा ठिपका आणि भोवती पिवळसर धूर. कोनोंगो गावात त्याला चांदण्या बाफुर म्हणत ते उगाच नाही. त्याच्या पोस्टरवरची मेलेली माणसं लखलखायची.

फोनवर सेर्वा होती, त्याची धाकटी बहीण. ती म्हणाली, "दादा, आई गेली." आंघोळ करून अंगणात बसली होती, हाताला शियाच्या बियांचं लोणी लावत होती, सेर्वा पाणी ओतून येईपर्यंत मान एका बाजूला पडली होती.

बाफुर 'हं' म्हणाला. सेर्वा रडत काहीतरी सांगत राहिली. फोन कानाला लावलेला असतानाच त्याच्या उजव्या हाताने करंगळीवरची चांदणी जराशी मोठी केली. पाकळी थोडी कमी पडत होती, खालचं बोट दिसत होतं.

हे त्याला नंतर पुन्हा पुन्हा आठवलं. रडू यायच्या आधी आपण ते बोट झाकलं.

कारण ते बोट आईचं होतं.

२

ते धडच आईचं होतं. सेर्वाच्या लग्नात, चर्चमधून आल्यावर, बाफुरने तिला यजमानांच्या खुर्चीत बसवून फोटो काढला होता. उजवीकडच्या खिडकीतून उजेड येत होता. असा उजेड नंतर त्याला कधी मिळाला नाही. वस्त्राचा दोरा न् दोरा दिसत होता. आई हसली नव्हती. फोटोत हसलं की माणूस हलका दिसतो, असं ती म्हणायची.

पहिल्यांदा ते धड त्याने अडचणीत वापरलं. कुणी मासे विकणारी बाई वारली होती, घरच्यांना तिला राणीसारखी बसलेली हवी होती आणि संध्याकाळपर्यंत छापायचं होतं. आईचं डोकं बाजूला केलं, बाईचं ठेवलं, जोडावर चांदणी लावली. दारात आलेले नातेवाईक गहिवरले. मग दुसरी बाई आली, मग तिसरी. पुढे पुढे त्याला त्यात काही वाटेनासं झालं. आईला सांगावं असंही कधी वाटलं नाही. जिवंत माणसाचं अंग मेलेल्याला उसनं द्यायचं नसतं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. म्हणून तर तो ते बोलला नाही.

अडचण फक्त करंगळीची होती. सेर्वा लहान असताना मुसळ मारत होती, आई उखळात हात घालून, कसावाचे कंद कुटून करतात त्या फुफूचा गोळा फिरवत होती, आणि एकदा लय चुकली. तेव्हापासून उजव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वळलेली होती, झाडाच्या फांदीसारखी. आई ती सगळ्यांना दाखवायची. "हे सेर्वाने मला दिलेलं आंदण," म्हणायची. अख्खी गल्ली ती करंगळी ओळखत होती. म्हणून तिच्यावर चांदणी.

एकदा आई त्याच्याबरोबर बाजारातून येताना स्टेशनच्या भिंतीपाशी थांबली होती. तिथे त्याचंच एक पोस्टर होतं. तिने डोक्यावरची टोपली सावरली आणि बराच वेळ बघत राहिली. शेवटी ती म्हणाली, "वस्त्र छान आहे हो बाईचं." आणि चालू लागली. पुढे कधी तिने तो विषय काढला नाही. तिला कळलं होतं की नव्हतं, हे त्याला समजलंच नाही.

३

तिसऱ्या दिवशी सगळं कुळ अंगणात बसलं. सार्फोमामा, आईचे थोरले भाऊ, कुळाचे प्रमुख, काळं वस्त्र खांद्यावर घेऊन मधल्या खुर्चीत बसले होते. आठव्याची, म्हणजे आठव्या दिवशीच्या शोकसभेची तयारी ठरत होती. तंबू कुणाचा, खुर्च्या कुणाच्या, कुमासीची मंडळी कुठे उतरणार. मग गाडी पोस्टरवर आली आणि सगळ्यांनी बाफुरकडे पाहिलं.

आफ्रिये मावशी म्हणाली, "गावभरच्या म्हाताऱ्यांना राण्या केलंस रे. आता आमच्या बहिणीला, फ्रेमाला काय करतोस ते बघायचंय मला."

लोक हसले. दुःखाच्या घरातही मावशीला असं बोलायची मुभा होती.

बाफुरने हळूच सांगितलं की त्याच्याकडे आईचा एक दुसरा फोटो आहे, शेतावरचा, कसावाच्या रोपांच्या ओळीत उभी असतानाचा. डोक्याला फडकं आहे, पण चेहरा फार छान आलाय.

मामांनी मान हलवली. "शेतातल्या कपड्यांत पाठवायचं तिला? लोक म्हणतील पोराच्या दुकानातली शाई संपली. सेर्वाच्या लग्नातला फोटो आहे ना, खुर्चीतला? तोच लावायचा. आणि मोठा लाव."

सेर्वा म्हणाली, तोच. मावशी म्हणाली, तोच. बाफुर जमिनीकडे बघत हो म्हणाला. त्याच्या मनात आलं, कोनोंगोतल्या प्रत्येक भिंतीवर ती आधीच बसलेली आहे. आता फक्त तिचं डोकं जागेवर यायचं राहिलंय.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं आणि मूळ फोटो उघडला. ज्याला त्याने कधी हात लावला नव्हता, तो. कामासाठी तो नेहमी नक्कल घ्यायचा.

करंगळीवर चांदणी होती.

त्याला पहिल्यांदा बरंच वाटलं. म्हणजे कधीतरी घाईत नकलेऐवजी मूळ फोटोवरच साठवलं गेलं. आपलीच चूक. कॅमेऱ्याचं जुनं कार्ड त्याने बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवलं होतं, ते काढून लावलं. त्यावरचं काही पुसलं किंवा बदललं जायचा तर प्रश्नच नव्हता.

तिथेही होती.

त्याने फोटो मोठा करत नेला. चांदणी त्याचीच होती. डावीकडची खालची पाकळी बाकीच्यांपेक्षा तसूभर लांब, ही त्याची खोड, पहिली चांदणी काढताना हात हलला तेव्हापासूनची. पण त्याची चांदणी फोटोवर वेगळ्या थरात बसायची, काचेवर टिकली लावावी तशी. ही तशी नव्हती. हिचा उजेड शेजारच्या बोटांवर पडला होता. वस्त्राच्या घडीत शिरला होता. बांगडीच्या कडेला तिचं इवलंसं प्रतिबिंब होतं. इतकं बारीक काम बाफुरने आयुष्यात केलं नव्हतं.

मग त्याने वर पाहिलं. आईचा चेहरा आईचाच होता. त्यात काही बदललं नव्हतं. पण खिडकी उजवीकडे होती, अंगावरचा उजेड उजवीकडून येत होता, आणि चेहऱ्याचा मात्र डावीकडचा गाल उजळलेला होता. विम्याच्या कार्डावरून कापून आणलेल्या चेहऱ्यांचं असंच व्हायचं. उजेड जुळवायला त्याला तासन् तास लागायचे. आईचा चेहरा तिच्याच मानेवर कुणीतरी जोडल्यासारखा बसला होता. आणि गळ्यातल्या हाराखाली, अगदी फिकट, आणखी एक चांदणी.

मागच्या अंगणात शेजारीण दुपारचं फुफू कुटत होती. धप्. मग थोडी उसंत. धप्. त्या उसंतीत गोळा फिरवणाऱ्या ओल्या हाताचा चट् असा आवाज यायला हवा. तो येत नव्हता. बाफुरने स्वतःला समजावलं की थोडंसंच असेल तर बायका एकट्याच कुटतात, मधे थांबून फिरवतात. तो उठून खिडकीपाशी मात्र गेला नाही. थोड्या वेळाने आवाज थांबला.

त्याने सेर्वाला फोन केला. लग्नानंतर लगेच त्याने तो फोटो तिच्या फोनवर पाठवला होता, कुठलंही पोस्टर व्हायच्या आधी. आईच्या हातावर काही दिसतंय का बघ, म्हणाला.

ती बघून आली. "चांदणी आहे की."

"तेव्हापासून होती?"

"असेल. तूच लावली असशील दादा. तुला कुठे राहवतं."

५

त्याने ती पुसायचा प्रयत्न केला. आतापर्यंत शेकडो डाग पुसले होते, देवीचे व्रण, पडलेले दात, खांद्यावर राहिलेला परक्या माणसाचा हात. पाकळी पाकळी करत त्याने उजेड काढला. खाली वस्त्राची नक्षी आली, सोनेरी चौकट, हिरवी रेघ, पुन्हा सोनेरी चौकट. हात अनामिकेपाशी संपत होता आणि लगेच वस्त्र सुरू होत होतं. चांदणीखाली वाकडं बोट नव्हतं, सरळही नव्हतं. तिथे बोटच नव्हतं.

त्याने केलेलं सगळं मागे घेतलं. चांदणी जागेवर आली. ती आली तेव्हा त्याला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची त्याला लाज वाटली.

डोकं जरा मोकळं व्हावं म्हणून तो बाहेर पडला आणि पाय स्टेशनकडे वळले. भर उन्हात भिंत पांढरी पडली होती. तिच्यावर नवी-जुनी पोस्टरं एकावर एक चिकटवलेली होती. मासेवाली होती. कापडवाली होती. परवाच लागलेल्या ग्लॅडिसबाई होत्या. सगळ्याजणी त्याच खुर्चीत, त्याच वस्त्रात. तो जवळ गेला.

गळ्यावरच्या चांदण्या होत्या. बांगड्यांवरच्या होत्या. करंगळीवर एकीच्याही नव्हती. तिथे बोट दिसत होतं, बाहेरच्या बाजूला वळलेलं, फांदीसारखं. प्रत्येकीच्या मांडीवर तेच बोट.

ऊन लागलं की पांढरा रंग आधी उडतो, त्याने मनात म्हटलं. शाई हलकी लागली असेल. पण ग्लॅडिसबाईंना लागून जेमतेम दोन दिवस झाले होते, आणि त्यांच्या गळ्यावरची चांदणी लखलखत होती.

भिंतीच्या सावलीत भुईमुगाच्या शेंगा विकणारी बाई बसायची. ती त्याला ओळखत होती. शेंगा सोलता सोलता म्हणाली, "चांदण्या, एक विचारू का? आपल्या गावच्या सगळ्या म्हाताऱ्या एकाच उखळावर कुटायला बसत होत्या काय रे?"

आणि ती हसली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं.

बाफुरही हसला. जितकं हसायला हवं होतं त्यापेक्षा थोडं जास्तच. मग तो परत आला, आणि येताना रस्त्याच्या दुसऱ्या कडेने आला.

६

पोस्टर झालं. तो फोटो, तसाच, मोठा. त्याने फक्त चेहऱ्यावरचा उजेड फिरवून उजवीकडून केला, गळ्यावरची चांदणी जरा ठळक केली आणि करंगळीवरच्या चांदणीवर आपली स्वतःची एक चांदणी ठेवली, अगदी तंतोतंत, म्हणजे खालची हलली तरी वरची राहील.

आठव्याला सगळे काळ्या-तांबड्यात आले. तंबूच्या तोंडाशी आईचं पोस्टर दोन माणसांएवढं उभं होतं. लोक थांबत होते, फोटो काढून घेत होते. सार्फोमामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले की पोरा, आज तू आईचं ऋण फेडलंस. बाफुरला वाटलं, जमीन दुभंगावी.

आफ्रिये मावशी बराच वेळ पोस्टरसमोर उभी होती. तो पाण्याच्या पिशव्या वाटत तिच्यापाशी आला तेव्हा ती डोकं एका बाजूला कलवून म्हणाली, "हे हात कुठेतरी बघितलेत मी." मग स्वतःच्याच बोलण्याचं तिला हसू आलं. "काय बाई तरी मी. बहिणीचे हात, बघणार नाही तर काय."

ती गेल्यावर तो तिथेच थांबून राहिला. आता सांगावं, असं त्याच्या मनात आलं. मामांना बाजूला घ्यावं, गुडघे टेकावेत, सांगावं की तुमच्या बहिणीचं अंग मी जिवंतपणी वाटत सुटलो. मामा दंड करतील, बकरा मागतील, दारू शिंपडून तिची क्षमा मागतील आणि ते संपेल. अशा गोष्टींना वाट असते. पण तंबूत दोनशे माणसं होती, आणि ज्यांच्या आया त्या खुर्चीत बसल्या होत्या त्यातलेही कितीतरी होते. तो पाण्याच्या पिशव्या वाटत राहिला.

मूठमाती पाचव्या शनिवारी ठरली. तोवर आई शवागारात राहणार होती.

मधल्या काळात पाव विकणारी पोकुआबाई वारली. तिच्या मुलींनी कार्डावरचा फोटो आणला. बाफुरने दोन दिवस दुसरं धड शोधलं. मिळाली ती अंधुक होती, नाहीतर खांदे रुंद होते, नाहीतर वस्त्र साधं होतं. मुली दारात बसून राहिल्या होत्या. धाकटी म्हणाली, आमच्या आईला पण तुमच्या आईसारखीच करा ना.

त्याने तसंच केलं.

७

मूठमातीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी ते तिघे शवागारात गेले, मामा, सेर्वा आणि तो. बायका कपडे चढवायला मागून येणार होत्या. त्याआधी घरच्यांनी ओळख पटवायची असते.

भिंतीत लोखंडी कप्पे होते. गार हवेचं यंत्र सतत घुमत होतं. तिथला माणूस वयस्कर होता, रबरी बूट घातलेला. मामांनी आणलेली दारूची बाटली त्याने दोन्ही हातांनी घेतली, झाकणभर जमिनीवर ओतली आणि कप्पा ओढला. आत हात घालून त्याने चादर छातीपर्यंत खाली केली. हनुवटीखाली गळाभर पांढरं कापड गुंडाळलेलं होतं. जबडा मिटलेला राहावा म्हणून तसं करतात.

चेहरा आईचा होता. ओठाजवळचा तीळ, एका भुवईतली फट. मामा पुटपुटत तिच्याशी बोलायला लागले, नावाने, लहानपणच्या नावाने. सेर्वाने चादरीखालून उजवा हात बाहेर काढला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला.

बाफुरने पाहिलं. करंगळी सरळ होती. कुठल्याही बाईची असते तशी, लांबट, निमुळती. नख नीट कापलेलं.

गेल्यावर स्नायू सैल पडतात, त्याने मनात म्हटलं. थंडीने सांधे उघडत असतील. इथली माणसं हात सरळ करायला बांधून ठेवतात, त्याने सरळ झालं असेल. मरायच्या आधीच्या रविवारी तिने त्याला वाढलं होतं, वाटी पुढे करताना ते वाकडं बोट वाटीच्या बाहेर राहिलं होतं, नेहमीसारखं. हा हात जरा मोठाही वाटत होता. तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, भाजल्याचा एक जुना डाग होता. रोज पावाच्या भट्टीपाशी बसणाऱ्यांना पडतात तसा.

सेर्वाचा अंगठा त्या हातावरून फिरत होता. फिरत फिरत करंगळीवर आला आणि थांबला. तिने ते बोट मुळापासून टोकापर्यंत चाचपून पाहिलं. तिच्याच मुसळाखाली मोडलेलं बोट, तिच्याइतकं ते कुणाला माहीत असणार. मग तिने मान वर केली. ती हाताकडे बघत नव्हती, बाफुरकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत प्रश्न नव्हता. जे समजलंय ते दुसऱ्याने बोलू नये, अशी नजर होती ती. आपल्या बहिणीने आपल्याकडे असं बघावं, यासाठी आपण काय काय केलं, तेवढंच त्याच्या मनात आलं.

तिने हात चादरीखाली सारला.

"ओळखली ना नीट?" रबरी बूटवाला म्हणाला. तो आपलं रोजचं बोलणं बोलत होता. "शंका असेल तर आत्ताच सांगायची. शेजारच्या कप्प्यात पोकुआबाई आहे, तीही उद्याच निघायची. पाहिजे तर तीही काढून दाखवतो, म्हणजे मागाहून कुरकूर नको."

मामांनी डोळे पुसले. "माझी बहीण मला कळत नाही होय? हीच."

सेर्वा म्हणाली, "हीच."

त्या माणसाने बाफुरकडे पाहिलं. थोरल्या मुलाने तोंडाने सांगावं लागतं. मामाही बघत होते. यंत्र घुमत होतं. शेजारच्या कप्प्याची कडी त्याच्या कोपरापासून हातभरही लांब नव्हती. सांगायला एकच वाक्य पुरलं असतं. पण मग आईचं बोट शेजारच्या कप्प्यात असेल असं तुला का वाटतं, हे मामांनी विचारलं असतं.

"हीच," बाफुर म्हणाला.

कप्पा आत गेला. दुसऱ्या दिवशी दोन्ही बायकांना मूठमाती दिली, एकीला चर्चमागच्या दफनभूमीत, दुसरीला नदीपलीकडे, तिच्या माहेरच्या गावी.

शेजारचा कप्पा उघडायला त्याने सांगितलं नव्हतं.